भर पावसात कोकण किनाऱ्याने सायकलवर: आठ जणांच्या गटासाठी चिपळूण ते कुडाळ

पावसाळ्यात कोकणात सायकलवर जायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "रेनकोट कुठला घेऊ?" प्रश्न चुकीचा नाही, पण तो बराच खालच्या क्रमांकाचा आहे. रत्नागिरीत एकट्या जुलैत हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यात चढ चढताना आतून घाम. कुठलाही रेनकोट घातला तरी दुपारपर्यंत माणूस ओला होतोच. तेव्हा दिवसा भिजायचं हे आधीच मान्य करून टाकावं आणि सगळं डोकं एकाच गोष्टीसाठी वापरावं: रात्री गटातला प्रत्येक जण कोरड्या कपड्यांत, कोरड्या जमिनीवर झोपला पाहिजे. दिवसभर भिजलेला माणूस एक रात्र नीट झोपला तर दुसऱ्या दिवशी हसत पेडल मारतो. सलग दोन रात्री ओल्यात गेल्या की गटात भांडणं सुरू होतात. पुढचं सगळं नियोजन या एका गोष्टीभोवती आहे.

कधी जायचं

जूनचा पहिला पंधरवडा टाळा. मोसमी पाऊस दाखल होताना विजा जास्त असतात आणि या मार्गाचा बराच भाग सड्यावरून, म्हणजे उघड्या कातळावरून जातो. तिथे मैलभर तुमच्याइतकं उंच दुसरं काहीच नसतं. परतीच्या पावसातही हाच धोका. जुलै ऐन भराचा. अनुभवी गटाला जमेल, पण हाताशी दोन जादा दिवस ठेवूनच. माझ्या मते सर्वांत चांगला काळ म्हणजे ऑगस्ट. लावणी उरकलेली असते, रस्त्यावरचा ट्रॅक्टर आणि पॉवर टिलरचा चिखल कमी झालेला असतो, पाऊस सरींनी पडतो, आणि श्रावणात देवळं जागती असल्याने मुक्कामाला माणूस भेटतो. पंधरा ऑगस्टला जोडून येणारी सुट्टी मात्र सोडा. गणपतीच्या आधीचा आठवडाही नको. तेव्हा मुंबईहून अख्खं कोकण घरी येत असतं, रस्त्यांवर गाड्यांच्या रांगा असतात आणि गाडीत सायकल चढवायला जागा मिळत नाही.

मासे खायचे बेत करणाऱ्यांसाठी एक सूचना. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या काळात ताज्या सुरमईऐवजी सुकट, सोडे आणि सुका बांगडा यांच्याशी मैत्री करावी लागते. माझी तक्रार नाही.

मार्ग

रेवसपासून रेड्डीपर्यंतचा सागरी मार्ग पुरा करायचा मोह होतो. गटाने पहिल्याच पावसाळ्यात तो करू नये. चिपळूण ते कुडाळ हा साधारण तीनशे किलोमीटरचा तुकडा पुरेसा आहे आणि दोन्ही टोकांना कोकण रेल्वेचं मोठं स्टेशन आहे. सहा ते सात दिवस चालवण्याचे, एक दिवस पावसासाठी राखीव.

पहिला दिवस चिपळूण, मार्गताम्हाणे, शृंगारतळी, गुहागर. पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. सामान कसं बांधलंय याची परीक्षा होते, म्हणून मुद्दाम छोटा. दुसऱ्या दिवशी पालशेत, वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळ, तिथून फेरीने शास्त्री नदीच्या मुखातून जयगड आणि पुढे मालगुंडवरून गणपतीपुळे. तिसऱ्या दिवशी आरे-वारेचा किनारा, रत्नागिरी, भाट्याचा पूल, पावस. रत्नागिरीत सायकलची कामं, औषधं, पैसे असं सगळं उरकून घ्यावं. यापुढे मोठं गाव लवकर लागत नाही. चौथ्या दिवशी पूर्णगड, गावखडी, कशेळी, आडिवरे, जैतापूर. पाचव्या दिवशी वाघोटणचा पूल, पडेल कॅन्टीन (हे नाक्याचं नाव) आणि जामसंडे-देवगड. दम असेल तर पडेलहून विजयदुर्गला फाटा मारावा. सहाव्या दिवशी तारामुंबरीच्या पुलावरून कुणकेश्वर, मिठबाव, आचरा, मालवण. सातव्या दिवशी चौके, नेरूरपार, कुडाळ.

हा आराखडा कागदावर सोपा दिसतो, कारण रोजचं अंतर चाळीस ते साठ किलोमीटरच आहे. पण इथली जमीन एकसारखी वरखाली होते. खाडीच्या काठाला गाव, गावातून खडा चढ, वर सडा, सड्यावर अंगावर घेतलेला वारा, मग घळीतून उतार आणि खाली पुन्हा खाडी. असं दिवसातून चार-पाच वेळा होतं. एकेक चढ दीड-दोन किलोमीटरचाच असतो, पण पंधरा किलो सामानासह तो सर्वांत लहान गिअरवरही नाकी नऊ आणतो. उतरून ढकलण्यात कमीपणा नाही. उलट ढकलताना गडग्यावरची, म्हणजे रचलेल्या दगडी कुंपणावरची, नेची, आमरी आणि शेवाळ नीट बघायला मिळतात.

सपाटीचे हिशेब इथे लागू पडत नाहीत. ताशी दहा किलोमीटर धरा, त्यात चहा आणि पंक्चर आलं. सकाळी सातला निघून दुपारी तीनपर्यंत मुक्कामाचं गाव गाठायचं. पावसाळी संध्याकाळी साडेपाचलाच झाडीखाली अंधारतं, आणि छप्पर शोधायला उजेड लागतो.

भरती-ओहोटीचं गणित

किनाऱ्याच्या रस्त्यावर पाऊस आणि समुद्र एकत्र काम करतात. डोंगरातून पाणी खाली येतंय आणि त्याच वेळी उधाणाची भरती खाडीत आत शिरतेय, अशा वेळी पाण्याला जायला जागाच उरत नाही. मोऱ्या, फरशीपूल आणि सखल रस्ते याच वेळी पाण्याखाली जातात. म्हणून रोज रात्री दुसऱ्या दिवशीच्या पावसाचा अंदाज बघाल तशी भरतीची वेळही बघा.

मोबाइलला रेंज नसली तरी कोळ्यांचा जुना हिशेब हाताशी आहे: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी आणि मध्यरात्री अकरा-बाराच्या आसपास, आणि तीच सर्वांत मोठी, उधाणाची. अष्टमीच्या आसपासची भांगाची भरती लहान. मिनिटाला मिनीट जुळत नाही, पण दिवस आखायला पुरतं. पौर्णिमा-अमावास्येच्या मागचापुढचा दोन दिवसांचा काळ आणि मुसळधार पावसाचा इशारा एकत्र आले तर त्या दिवशी खाडीकाठचा रस्ता घेऊ नये.

हवामान खात्याचे इशारे जिल्हावार येतात. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार आणि २०४.५ च्या वर अतिवृष्टीचा टप्पा. आमचा नियम साधा आहे: पिवळा इशारा असेल तर निघायचं, नारिंगी असेल तर निम्मं अंतर आणि सड्याचा रस्ता टाळून, लाल असेल तर आहे त्या गावात पत्ते खेळायचे. या नियमावर सकाळी चर्चा करायची नाही. आदल्या रात्री ठरलं की ठरलं, कारण सकाळी थोडी उघडीप पडली की आठातले पाच जण शूर होतात.

रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर थांबायचं. "गुडघ्याएवढंच आहे" हे वाक्य गटात उच्चारायलाच बंदी ठेवा. गढूळ लाल पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की नाही ते दिसत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला आणि त्यासोबत दोन एसटी गाड्या. २२ जुलै २०२१ ला चिपळूण शहरच पाण्याखाली होतं. इथल्या नद्या लांबीला कमी आहेत, घाटावर पडलेलं पाणी काही तासांत खाडीत येतं. त्याची दुसरी बाजू अशी की पाणी चढतं तसं उतरतंही लवकर. भरती सरेपर्यंत दोन-तीन तास दुकानाच्या पायरीवर बसून काढले की बहुतेक वेळा वाट मोकळी होते.

तवसाळ-जयगड फेरी एरवी पावसाळ्यातही चालते, पण वारा फार असला तर थांबवतात. आदल्या दिवशी गुहागरात चौकशी करा. बंद असेल तर आबलोलीमार्गे भातगावचा पूल ओलांडून राई, जाकादेवी असा आतला रस्ता आहे. लांब आहे, चढाचा आहे, पण आहे. फेरीत चढताना सगळ्यांनी सायकलवरून उतरायचं. तो लोखंडी उतरता फाळका पावसात आणि डिझेलच्या तेलकटपणात इतका निसरडा होतो की पायसुद्धा आडवे टाकावे लागतात. सायकल समुद्राच्या बाजूला न धरता आतल्या बाजूला धरावी, आणि फाळका टेकून बोट पूर्ण थांबल्याशिवाय पुढचं चाक त्यावर घालू नये. मोटारी आधी उतरू द्या. तुम्हाला घाई नाही.

सायकल

ब्रेक सोडून बाकी सगळ्यावर तडजोड चालेल. जांभ्याची लाल बारीक माती पाण्याबरोबर चाकावर येते आणि ब्रेकचे रबर घासून काढते. एका दिवसाच्या पावसात पॅड किती झिजले ते संध्याकाळी बोट लावून बघा, काळा-लाल चिकट गाळ बोटाला येईल. नवीन पॅड घालूनच निघा आणि प्रत्येकाने आपल्या सायकलच्या मापाची एक जादा जोडी जवळ ठेवा. "गटात कुणाकडे तरी असेल" असं इथे चालत नाही, कारण आठ सायकलींना पाच प्रकारचे पॅड लागतात. डिस्क ब्रेक असतील तर धातूमिश्रित पॅड पावसात जास्त टिकतात. साधे रिमवरचे ब्रेक असतील तरी या, पण एक लक्षात ठेवा: ओल्या रिमवर चाकाचे पहिले दोन-तीन फेरे नुसतं पाणी पुसण्यात जातात. वळणाच्या बऱ्याच आधी, दोन्ही ब्रेक हलके दाबायला सुरुवात करायची.

टायर ३२ मिलिमीटरच्या खाली नको, ३८-४० असेल तर उत्तम, आणि हवा नेहमीपेक्षा थोडी कमी. मडगार्ड आणि त्याला खाली लोंबणारी पट्टी हवीच. ती आपल्यासाठी कमी आणि मागून येणाऱ्याच्या तोंडासाठी जास्त. साखळीला ओल्या हवेसाठीचं घट्ट तेल घ्या. शिलाई मशीनचं तेल तासाभरात धुऊन जातं. रोज मुक्कामी पोचल्यावर, स्वतः अंघोळ करण्याआधी, एक बाटली स्वच्छ पाणी साखळीवर आणि ब्रेकवर, मग फडक्याने पुसणं, मग तेल. दहा मिनिटांचं काम आहे. हे आळसाने एक दिवस राहिलं की दुसऱ्या दिवशी साखळी कुरकुरते, तिसऱ्या दिवशी गिअर उड्या मारतात.

मागचा लाल दिवा दिवसाही चालू. भडक पिवळा किंवा नारिंगी रंग सर्वांत वर घाला. झाडीतल्या वळणावर, काचेवर पाणी असलेल्या एसटीच्या ड्रायव्हरला काळं जॅकेट दिसत नाही.

सामान: एक ओला ढीग, एक कोरडा ढीग

महागड्या जलरोधक बॅगा असतील तर चांगलंच. नसतील तर खताच्या गोणीत असतं तसं जाड प्लास्टिकचं अस्तर आतून घाला, तोंड पिळून रबराने बांधा, उलटं दुमडून पुन्हा बांधा. बॅग बाहेरून भिजली तरी चालते. आत काय जातंय ते महत्त्वाचं.

रात्रीचा संच म्हणजे एक बनियन, एक पातळ लोकरीचा किंवा सिंथेटिक स्वेटर, पायजमा, मोजे आणि पांघरूण. हा संच दिवसा कुठल्याही कारणाने उघडायचा नाही. सकाळी कितीही जिवावर आलं तरी कालचे ओले कपडेच पुन्हा अंगावर चढवायचे आणि कोरडे पिशवीत परत. नवखा माणूस नेमका इथे घसरतो. सकाळी सातला कोरडा टी-शर्ट घालून निघतो, सव्वासातला तो ओला होतो, आणि रात्रीसाठी काहीच उरत नाही. ओल्या कपड्यांची शिरशिरी पहिल्या चढावर दहा मिनिटांत जाते.

सुती कपडे नकोत, जीन्स तर नकोच. पोंचो वाऱ्यात फुगतो आणि चाकात अडकतो. सड्यावरच्या वाऱ्यात तो सायकलसकट माणसाला रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवतो. त्यापेक्षा कंबरेपर्यंतचं साधं विंडचीटर बरं. बुटांऐवजी पट्ट्याचे सँडल. रात्री पाय पुसून बोटांच्या बेचक्यांत पावडर टाका, नाहीतर तिसऱ्या दिवशी चिखल्या होणार. जांघेत घासतं तिथे सकाळी खोबरेल किंवा पेट्रोलियम जेली. लाजण्यासारखं काही नाही, न लावणारा चौथ्या दिवशी उभ्यानेच सायकल चालवताना दिसतो.

मोबाइलचं चार्जिंगचं भोक ओलं असताना वायर लावायची नाही. पॉवर बँक दोघांत एक. कागदी नकाशाची एक प्रत प्लास्टिकमध्ये असू द्या, कारण ओल्या बोटांना ओली काच जुमानत नाही.

तंबू कुठे, छप्पर कुठे

पावसाळी कोकणात उघड्यावर तंबू ठोकणं हा दुसरा पर्याय. पहिला पर्याय म्हणजे छपराखाली तंबू. देवळाचा सभामंडप, शाळेची पडवी, बागेतला मांगर, म्हणजे राखणीची झोपडी, कुणाच्या खळ्यातला मांडव, बंद असलेली आंब्याची पॅकिंगची शेड. अशा ठिकाणी तंबूचं बाहेरचं पांघरूण काढून ठेवायचं आणि फक्त आतली जाळी उभी करायची. डासांपासून सुटका, हवा खेळती आणि ओल साचत नाही. त्यासाठी खुंट्या न ठोकता उभा राहणारा तंबू हवा. फरशीवर खुंटी जात नाही, आणि कातळावर तर नाहीच.

परवानगी कशी मागायची यावर सगळं अवलंबून आहे. आठही जण एकदम कुणाच्या अंगणात शिरू नका. दोघांनी जावं, त्यातली एक बाई असली तर फार बरं. बाकीचे रस्त्यावर थांबतील. हेल्मेट काढायचं, चप्पल अंगणाबाहेर, आणि पहिलं वाक्य जागा मागण्याचं नको. कुठून आलो, कुठे चाललो ते सांगायचं. देवगडाकडे गेलात की ओटीवरचे आजोबा आधी तुमच्याकडे, मग तुमच्या गळणाऱ्या बॅगांकडे बघून म्हणतात, "खंयसून इलात? ह्या पावसात? घराकडे सांगून इलात मा?" इथे हसून "होय, सांगून आलो" म्हटलं की निम्मं काम झालं. मग देऊळ कुणाच्या ताब्यात आहे ते विचारायचं. कुठे गुरव, कुठे मानकरी, कुठे देवस्थानची समिती. त्यांच्याकडे जाऊन रीतसर विचारायचं आणि पोलीसपाटलांच्या कानावर घालायचं. ओळखपत्रांच्या झेरॉक्स एका प्लास्टिकच्या पिशवीत सगळ्यांच्या एकत्र ठेवा. मागण्याआधी पुढे केल्या की बोलणं सोपं होतं.

देवळात राहायचं तर मांसाहार नाही, दारू-सिगारेट नाही, आतल्या भागात ओले कपडे वाळत घालायचे नाहीत, आणि पहाटे पुजारी यायच्या आत तंबू आवरून झाडून घ्यायचं. रात्री भजन असेल तर बसायचं, चालवून दमलेले असलात तरी. निघताना दानपेटीत ठरवून पैसे टाका. घरात जेवलात तर घरच्या बाईंना काय द्यायचं ते आधीच गटात ठरलेलं असू द्या, दारात उभं राहून कुजबुज नको.

उघड्यावर तंबू लावायची वेळ आलीच तर जमीन कुणाची हे आधी बघा. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी राखीव जंगल फार थोडं आहे. रान म्हणून जे दिसतं ते बहुतेक कुणाच्या तरी सात-बारावर असतं. वनखात्याची जागा असेल तर त्यांच्या परवानगीशिवाय मुक्काम नाही. देवराईत तर अजिबातच नाही. तिथलं वाळकं पानही गाव उचलत नाही, तुम्ही तिथे चूल मांडणार?

नारळाखाली तंबू नको, पावसाने जड झालेली झावळ रात्री कधीही खाली येते. सुरूच्या बनात वाऱ्याच्या रात्री फांद्या मोडतात. वाळूवर भरतीची ओली रेघ दिसते तिथून बरंच वर, आणि उधाण असेल तर किनाऱ्यावर नाहीच. कातळावर पाणी मुरत नाही, दिसायला सपाट असलेल्या जागी रात्रीतून तळं होतं. चांगली जागा म्हणजे काजू-आंब्याच्या बागेतली वरच्या अंगाची, किंचित उताराची पायरी. गडग्याला लागून झोपू नका. दगडांच्या फटींत फुरसं, म्हणजे छोटा विषारी साप, असतं.

तंबूवर आणि त्याच्या पुढे बारा बाय पंधरा फुटांची एक ताडपत्री बांधा. तंबू उभा करण्याआधी ताडपत्री, आवरताना सगळ्यात शेवटी ताडपत्री. तंबूखालचं प्लास्टिक तंबूच्या कडेबाहेर दिसता कामा नये, नाहीतर पागोळीचं पाणी त्यावर साचून बरोबर पाठीखाली येतं. आणि दारं कितीही पाऊस असला तरी चार बोटं उघडी. पूर्ण बंद तंबूत श्वासाचंच पाणी गळतं.

(आचऱ्यात दर तीन-चार वर्षांनी गावपळण होते. ग्रामदैवत रामेश्वराच्या कौलाने अख्खं गाव गुराढोरांसकट वेशीबाहेर झोपड्या बांधून तीन दिवस राहतं. उघड्यावर संसार कसा मांडावा याबद्दल त्या गावातल्या म्हाताऱ्यांना विचारलंत तर या लेखाची गरज उरणार नाही.)

गट कसा चालवायचा

आठ ही चांगली संख्या. दोन चौकड्या होतात, प्रत्येकीकडे एक पंप, एक हत्यारांची पिशवी, एक प्रथमोपचाराची. दहाच्या वर गेलं की देवळातही अडचण होते आणि खानावळीतही.

सर्वांत पुढे वाट माहीत असलेला, सर्वांत मागे यंत्रकाम येणारा. मागच्याला कुणीही मागे टाकायचं नाही. प्रत्येक फाट्यावर पुढच्याने मागचा दिसेपर्यंत थांबायचं, मग तो पुढे निघतो आणि मागचा थांबतो. या एका नियमाने रेंज नसलेल्या मुलखात कुणी हरवत नाही. चढावर ज्याचा त्याचा वेग, वर माथ्यावर सगळे एकत्र. उतारावर दोन सायकलींत निदान चार-पाच मोटारींएवढं अंतर, आणि पुलांच्या लोखंडी सांध्यांवर, शेवाळलेल्या सिमेंटवर, पडलेल्या पानांच्या लगद्यावर ब्रेक नाही, वळण नाही, सरळ जायचं. शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात: एक म्हणजे थांबा, तीन म्हणजे मदत हवी. पावसात हाका ऐकू येत नाहीत.

माथ्यावर पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबलात तर अंग गार पडतं. सर्वांत मागून येणाऱ्याला बाकीचे ताजेतवाने होऊन वाट बघताना दिसतात आणि तो पोचताच सगळे निघतात, हा मोठा अन्याय. त्याला पाणी आणि चिक्की मिळेपर्यंत बाकीच्यांनी हात-पाय हलवत उभं राहावं. कुणी बोलायचं बंद झालं, हात थरथरू लागले, ब्रेक दाबायला बोटं वळेनात, तर ती थंडी भरलीय. लगेच छपराखाली, ओलं काढून कोरडं, गोड चहा. रात्रीचा संच दिवसा उघडायची परवानगी फक्त इथे.

पैशांसाठी एक सामाईक पाकीट आणि एकच खजिनदार. रोज रात्री जेवल्यावर दहा मिनिटं बैठक: उद्याचं अंतर, भरती, इशारा, कुणाचं काय दुखतंय. शेवटच्या प्रश्नाला "काही नाही" हे उत्तर मानायचं नाही.

जेवण-पाणी

सकाळी चहा-पोहे गावात, दुपारी खानावळ, रात्री स्वतः. एक गॅसची छोटी शेगडी चौघांत पुरते. पावसात लाकूड पेटवण्याच्या फंदात पडू नका. मुगाची खिचडी, वर तूप, सोबत सुकी चटणी; किंवा कुळथाचं पीठ सोबत घेऊन पिठी. दहा मिनिटांत होते, अंगात ऊब येते आणि भांडं सहज निघतं. दिवसभर तासातासाला शेंगदाणे-गूळ. पावसात तहान लागत नाही म्हणून पाणी कमी प्यायलं जातं आणि दुपारी पायात गोळे येतात, तेव्हा ठरवून प्या.

जोराच्या पावसानंतर विहिरींना वरचं पाणी मिळतं. उकळून घ्या, किंवा क्लोरीनचे थेंब टाकून अर्धा तास थांबा. टाकळा, कुर्डू, फोडशी अशा रानभाज्या बाजारात वाट्याने मिळतात, त्या जरूर घ्या. रानातली अळंबी मात्र स्वतः ओळखून खायची नाहीत.

साप आणि साथी

या पट्ट्यात फुरसं भरपूर. आकाराने लहान, रंगाने जांभ्यात मिसळून जाणारं. अंधारात बॅटरीशिवाय पाऊल टाकायचं नाही, सँडल घालण्याआधी झटकायचे, दगडात हात घालायचा नाही. चावलंच तर कापणं, चोखणं, घट्ट आवळून बांधणं यातलं काही नाही. अवयव हलू न देता लवकरात लवकर सरकारी रुग्णालय. रुग्णवाहिकेसाठी १०८, इतर संकटात ११२, आणि पुराची, बंद रस्त्यांची माहिती जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाकडे १०७७ वर. मार्गावरची ग्रामीण रुग्णालयं निघण्याआधी कागदावर लिहून घ्या. जळू लागलीच तर मीठ किंवा तंबाखूचं पाणी, ओढून काढू नका.

जाणं-येणं

सायकल आपल्या तिकिटावर सामान म्हणून ब्रेकव्हॅनमध्ये टाकता येते. आठ सायकली असतील तर पार्सल कार्यालयात आदल्या दिवशी जाऊन बोला आणि गाडीच्या वेळेआधी निदान दोन तास पोचा. बॅगा, दिवे, बाटल्या काढून घ्या, प्रत्येक सायकलवर नाव आणि उतरायचं स्टेशन लिहिलेलं पुठ्ठ्याचं लेबल प्लास्टिकमध्ये गुंडाळून बांधा. गाडी स्टेशनात दोन-पाच मिनिटंच थांबते, तेव्हा उतरवायला चौघे ब्रेकव्हॅनजवळ आधीच उभे पाहिजेत. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक जूनमध्ये लागू होतं आणि गाड्या हळू धावतात. जुन्या वेळा धरून चालू नका.

घरी आल्यावर सायकल त्याच दिवशी धुवा. खाऱ्या हवेने सुटे नट-बोल्ट आठवड्यात गंजतात. सीटचा दांडा बाहेर काढून उलटा करा, फ्रेममधलं पाणी ओतून टाका. तंबू सावलीत पूर्ण वाळेपर्यंत घडी घालू नका.

आणि पुढचे दोन-तीन आठवडे ताप, पिंडऱ्यांत दुखणं किंवा डोळे लाल झाले तर अंगावर काढू नका. पावसाळ्यात कोकणात लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, असतो, साचलेल्या पाण्यातून आणि शेतातल्या चिखलातून खरचटलेल्या कातडीवाटे तो शिरतो. त्यावर आधी घ्यायच्या गोळ्यांबद्दल निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून ठेवा, आणि ताप आलाच तर कोकणात चिखलात फिरून आलोय हे त्यांना पहिल्या वाक्यात सांगा.